उभ्या जीपवर चढणारे व्याज

राजुऱ्याहून गडचांदूरमार्गे जिवतीकडे निघाले की माणिकगडच्या डोंगराचा चढ लागतो. या भागात व्यापार करणाऱ्या काही घरांत जुनी महिंद्रा जीप अद्याप निगुतीने सांभाळलेली आढळते. मालक तिच्या इंजिनाची चौकशी करतो, टायरही पाहतो. ब्रेक ऑइलची आठवण मात्र पॅडल खोल जाऊ लागल्यावरच होते. म्हणून वाचकहो, आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

द्रव दाबाने आकुंचन पावत नाही, या तत्त्वावर ही सर्व व्यवस्था उभी आहे. चालकाच्या पायाचा जोर मास्टर सिलिंडरमधून नळ्यांवाटे चाकांच्या सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि ब्रेक शू ड्रमला घासतात. परंतु नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल मानकाप्रमाणे किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरला तर ड्रम तापतात, सिलिंडरमधील ऑइल उकळून वाफ होते. वाफ मात्र सहज दाबली जाते. मग पॅडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. अनेक जुन्या जीपमध्ये चारही चाकांसाठी ऑइलचा एकच मार्ग असतो, त्यामुळे एका जागी बिघाड झाला की चारही चाकांचा ब्रेक एकदमच जातो.

व्यापाऱ्याने ध्यानी घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. हा ओलावा किलोमीटरवर मोजला जात नाही, दिवसांवर मोजला जातो. कर्जाची रक्कम तिजोरीत पडून राहिली म्हणून व्याज थांबत नाही. तसेच पावसाळाभर गोदामात उभ्या राहिलेल्या जीपचे आहे. ‘गाडी फारशी चाललीच नाही’ हे कारण येथे लागू पडत नाही. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे. आपल्याकडे पाऊस ओसरल्यानंतर, कापसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वीचा काळ त्यास सोयीचा.

काम दोघांचे आहे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अटकाव लावावा. ब्रेक शू आधी जुळवून घ्यावेत. टाकीतील जुने ऑइल काढून नवे भरावे. गाडीच्या पुस्तिकेत निराळा क्रम नसेल तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे बहुधा मागच्या डाव्या चाकापासून, आरंभ करावा. मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. निप्पल स्वच्छ पुसून त्यावर पारदर्शक नळी बसवावी. तिचे दुसरे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पॅडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने पान्याने निप्पल सैल करावे. ऑइल आणि बुडबुडे बाहेर आले की निप्पल आधी घट्ट करावे, त्यानंतरच पॅडल सोडावे; हा क्रम उलटला तर हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे करावे. मधूनमधून टाकी भरत राहावे. ती रिकामी झाली तर सारे पुन्हा आरंभापासून.

शेवटी पॅडल घट्ट लागले पाहिजे आणि मिनिटभर दाबून धरले तरी खचता कामा नये. ड्रमच्या आत ओल दिसली तर केवळ हवा काढून भागणार नाही. चाकाच्या सिलिंडरचे रबर बदलावे लागेल. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, संथ वेगाने घ्यावी.

ऑइल सीलबंद डब्यातलेच घ्यावे. गतवर्षी उघडलेला डबा काटकसर म्हणून वापरू नये. इंजिन ऑइल वा डिझेल चुकूनही घालू नये, त्याने रबर फुगते. सिलिकॉनचे डॉट ५ यात मिसळू नये. हे ऑइल विषारी असून रंगही खराब करते; मुलांपासून दूर ठेवावे, सांडल्यास पाण्याने धुवावे आणि काढलेले ऑइल नालीत न ओतता गॅरेजकडे सोपवावे.

बँकेत वाहनकर्जाची कागदपत्रे पाहताना विमा आणि नोंदणी यांच्या तारखा असत. ब्रेक ऑइलची तारीख कोठेही नसे. ती आपण आपल्या वहीत लिहावी. त्या जीपमधून माल घेऊन घाट उतरणारा चालक बहुधा दुसऱ्याच्या घरचा कर्ता मुलगा असतो. त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाचीच.