प्रबंधाचे शेवटचे प्रकरण

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, बेसाल्टच्या उभ्या कड्यात कोरलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांविषयी गेल्या दोनशे वर्षांत जगातल्या अनेक भाषांत विपुल लेखन झाले. परंतु पायथ्याच्या फर्दापुरात, जवळच्या लेणापुरात किंवा सोयगाव-सिल्लोडच्या शाळांत त्यातले किती पोचले, असे विचारले तर समाधानकारक उत्तर मिळत नाही. याच प्रश्नामुळे यंदाच्या दिवाळी अंकात संशोधक विद्यार्थ्यांच्या लेखनाला विशेष स्थान दिले आहे. संशोधक विद्यार्थी म्हणजे पदव्युत्तर शिक्षणानंतर एखादा विषय हाती घेऊन काही वर्षे त्याचा शोध घेणारा आणि शेवटी तो शोध प्रबंधाच्या रूपाने विद्यापीठाला सादर करणारा विद्यार्थी. त्याच्या प्रबंधाला एक शेवटचे प्रकरण असते, ते परीक्षकांसाठी नसून समाजासाठी असते, आणि ते लिहिल्याशिवाय संशोधन पुरे झाले असे मानू नये, ही या अंकामागची भूमिका आहे.

हे प्रकरण लिहिले गेले नाही तर काय होते, याची साक्ष अजिंठ्यातच मिळते. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात परदेशी वेषातील माणसे एका राजापुढे नजराणे घेऊन आल्याचे चित्र आहे. इराणचा सम्राट दुसरा खुस्रो याने चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्याकडे पाठवलेल्या वकिलातीचे हे दृश्य असावे, असा तर्क एकोणिसाव्या शतकात वास्तु-इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी मांडला. पुलकेशी सातव्या शतकातला राजा होता. पुढच्या अभ्यासकांनी मात्र हे लेणे वाकाटक सम्राट हरिषेणाच्या, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले ठरवले आणि चित्रातला प्रसंग जातककथेतला, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथांपैकी महासुदर्शन राजाच्या कथेतला असल्याचे मत मांडले. सोळाव्या लेण्यातील जी स्त्री ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून प्रसिद्ध झाली, ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाल्याची वार्ता ऐकून कोसळलेली त्याची पत्नी सुंदरी असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. असे असूनही पुलकेशीचा दरबार आणि मरणोन्मुख राजकन्या ही दोन्ही नावे सांगोवांगी चालत राहिली. यात सांगणाऱ्यांचा दोष नाही, कारण नवे मत ज्या ग्रंथांत आणि ज्या भाषेत मांडले गेले तिथपर्यंत त्यांना वाट नव्हती, आणि ज्यांना ती वाट माहीत होती त्यांनी परत येऊन ते सांगितले नाही.

अजिंठ्याच्या अभ्यासात विद्यार्थ्यांचा हात फार जुना आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने 1844 पासून चित्रांच्या नकला करायला घेतल्या आणि त्यातील बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात आपल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन ते काम नव्याने केले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे तरुण चित्रकार त्या अंधाऱ्या दालनांत बसून घडले. परंतु त्यांच्या श्रमांतून निघालेल्या नकला लंडनला गेल्या, त्यातल्या अनेक पुन्हा आगीत सापडल्या, आणि 1896-97 मध्ये निघालेले ग्रिफिथ्स यांचे दोन भव्य खंडही लंडनहूनच प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या हाती ते पडण्याची शक्यता नव्हती.

पुढच्या पिढीत मात्र एका तरुणाने वेगळी वाट धरली. 1909 च्या हिवाळ्यात ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्या नकला करणाऱ्या पथकात नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य अजिंठ्याला आले. विशीच्या उंबरठ्यावरच्या हालदारांनी जे पाहिले ते आपल्या वाचकांसाठी बंगालीत लिहिले, आणि 1915 मध्ये लंडनला या पथकाच्या नकलांचा इंग्रजी ग्रंथ निघण्याच्या आधीच त्यांचे ‘अजंता’ हे पुस्तक बंगाली घरांत पोचले होते. ज्या साली हे पथक अजिंठ्याला आले, त्याच साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढून मराठीत एक परंपरा सुरू केली. कथा-कवितेइतकाच विचारपर लेख घरातल्या सर्वांनी वाचावा, हे या परंपरेने मराठी कुटुंबाच्या अंगवळणी पाडले. तेव्हा संशोधक विद्यार्थ्याला आपला वाचक शोधायला फार दूर जावे लागणार नाही.

सोपे लिहिले की विद्वत्ता उणावते, अशी एक भीती विद्यापीठांच्या आवारात असते आणि ती अनाठायी आहे. जयंत नारळीकरांनी विश्वरचनाशास्त्रासारखा कठीण विषय मराठी वाचकापुढे कथा आणि लेखांतून मांडला, म. के. ढवळीकरांनी अजिंठ्याच्या सांस्कृतिक अभ्यासाचा इंग्रजी ग्रंथ विद्वानांसाठी लिहिला आणि ‘महाराष्ट्राची कुळकथा’ सर्वांसाठी लिहिली. या दोघांच्याही संशोधनाचा दर्जा त्यामुळे कमी झाला नाही. उलट, सामान्य माणसाला समजावून सांगताना संशोधकाची स्वतःची मांडणी पारखली जाते, कारण तज्ज्ञांच्या सभेत परिभाषेच्या आड लपलेली पोकळ जागा गावच्या माणसाच्या एका साध्या प्रश्नाने उघडी पडते.

अमेरिकन कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांच्या कालनिर्णयाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अजिंठ्याच्या कोरीवकामाचा दुसरा टप्पा शतकानुशतके रेंगाळला नसून हरिषेणाच्या काळात, साधारण वीस वर्षांत, घाईने उभा राहिला आणि राजसत्ता कोसळताच थांबला, असे त्यांनी मांडले. हा निष्कर्ष केवळ शिलालेखांवर उभा नाही. विहारांतील, म्हणजे भिक्षूंच्या निवासी लेण्यांतील खोल्यांच्या दारांकडे त्यांनी बारकाईने पाहिले. लाकडी दार ज्या खुंट्यांवर फिरे त्यांची भोके कुठे कोरली, ती पुढे कशी बदलली आणि कुठे काम अर्धवट सोडले, यांवरून त्यांनी लेण्यांचा क्रम लावला. स्पिंक स्वतः अभ्यासकांना घेऊन लेण्यांत हिंडत आणि जागेवर उभे राहून हे दाखवीत. पद्मपाणी बोधिसत्त्वाचे प्रसिद्ध चित्र पाहून परतणारा प्रवासी त्या भोकांकडे बघतही नाही. पण कुणी बोट ठेवून दाखवले, तर दाराची चौकट बसवणाऱ्या सुताराला तो युक्तिवाद चटकन पटेल किंवा त्यावर तो एखादी रास्त शंकाही काढील. ही कालगणना सर्व इतिहासकारांना मान्य नाही, हेही त्याच वेळी सांगायला हवे. मतभेद झाकून केलेले लोकशिक्षण टिकत नाही आणि लोकांना मतभेद पेलणार नाहीत, असे समजणे लोकांवर अन्याय करणारे आहे.

असेच दुसरे उदाहरण वेरूळच्या लेण्यांचे. तिथल्या भिंतींच्या मातीच्या लेपात भांगेच्या झाडाचे अंश सापडले आणि त्यामुळे तो लेप किडीपासून वाचला असावा, असे संशोधन पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी 2016 मध्ये ‘करंट सायन्स’ या इंग्रजी नियतकालिकात मांडले. अजिंठ्याच्या चित्रांना मात्र कीटकांचा उपद्रव झालेला आहे. घराच्या भिंतीसाठी मातीत भुसा, काडी मिसळून गारा मळणाऱ्या माणसाला हा विषय परका नाही. त्याच्या हातात जे ज्ञान आहे आणि प्रयोगशाळेत जे ज्ञान आहे, त्यांची गाठ संशोधक विद्यार्थी घालून देऊ शकतो, कारण तो बहुधा दोन्ही घरांचा असतो.

मराठवाड्याच्या संदर्भात हे शेवटचे विधान विशेष खरे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि ज्या घरांत पूर्वी कुणी शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता त्या घरांतली मुले-मुली प्रबंध लिहू लागली. त्यांचे प्रबंध आज ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात कुणालाही पाहता येतात. परंतु प्रबंध इंग्रजीत आणि परिभाषेत अडकलेला असेल, तर ज्या आईवडिलांच्या कष्टांवर तो उभा राहिला त्यांनाच आपल्या मुलीने काय शोधले हे कळत नाही. क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 मध्ये तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याची स्पर्धा सुरू केली, आणि केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2018 मध्ये ‘अवसर’ योजनेतून संशोधक विद्यार्थ्यांच्या सुबोध लेखांना पारितोषिके देऊ केली. हे उपक्रम स्वागतार्ह आहेत, पण स्पर्धेपुरते लिहिणे पुरेसे नाही.

विद्यापीठांनी प्रत्येक प्रबंधासोबत आठ-दहा पानांचा सुबोध मराठी सारांश मागावा, आणि तो मार्गदर्शकाने प्रबंधाइतक्याच काळजीने तपासावा. अशा लेखनाची नोंद विद्यार्थ्याच्या शैक्षणिक कामगिरीत व्हावी, कारण जे मोजले जात नाही त्यासाठी वेळ काढणे शिष्यवृत्तीच्या मुदतीशी झगडणाऱ्याला परवडत नाही. अजिंठ्यावर काम करणाऱ्याने वर्षातून एकदा तरी फर्दापूरच्या शाळेत आणि लेण्यांतील वाटाड्यांसमोर आपले काम मांडावे, त्यांचे प्रश्न लिहून घ्यावेत आणि त्यांपैकी जे टिकतील ते पुढच्या संशोधनात घ्यावेत. संपादकांनीही अशा लेखांना पानपूरक न मानता अंकाच्या मध्यभागी जागा द्यावी.

पाचव्या शतकातील चित्रकारांनी दान, करुणा आणि अनित्यता यांसारखी गहन तत्त्वे विश्वंतर राजपुत्राच्या, शिबी राजाच्या कथांतून भिंतींवर उतरवली, ती केवळ पंडित भिक्षूंसाठी नव्हे, तर व्यापाऱ्यासाठी आणि वाटसरूसाठीही होती. त्याच भिंतींचा अभ्यास करणाऱ्यांनी आपले ज्ञान मोजक्या वाचकांपुरते ठेवणे त्या वारशाशी विसंगत आहे. या अंकातील तरुण लेखकांनी ते प्रकरण लिहायला घेतले आहे. वाचकांनी ते आस्थेने वाचावे, न पटेल तिथे प्रश्न विचारावेत आणि उत्तरांचा आग्रह धरावा, ही विनंती.