दहा चेंडू आणि एक रिंग

तालुक्याच्या शालेय स्पर्धा सुरू झाल्या की दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटकडच्या मैदानांवर एक पोट्टा हमखास भेटतो. सकाळी आठशे मीटर धावलेला, दुपारी लांब उडी मारलेला, आणि ऊन उतरता उतरता कबड्डीत चढाईलाही तोच. खो-खोत गडी कमी पडला तर तिथंही त्यालाच हाक. शाळा लहान, पळणारी पोरं चार-पाच. दुसरं होणार तरी काय? गुरुजी कौतुकानं सांगतात, "ऑलराउंडर आहे सर आमचा!" कौतुक खरं असतं. पण या पोराचं पुढं काय करायचं, हे त्या मैदानावर कोणालाच ठाऊक नसतं.

म्हणून आज प्रवीण जाधवची गोष्ट. तो वऱ्हाडातला नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, शेतमजुराचा पोरगा, नाल्याकाठच्या झोपडीत वाढलेला. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला पळायला लावलं तेव्हा त्याच्या अंगात बळ नव्हतं. भुजबळांनी पदरमोड करून त्याच्या खाण्यापिण्याकडे पाहिलं. शाळा सोडून मजुरीला चल म्हणणाऱ्या वडिलांनाही त्यांनीच समजावलं. पोरगं चारशे-आठशे मीटर मारत नगरच्या क्रीडा प्रबोधिनीत पोचलं. तिथं एका चाचणीत दहा मीटरवरून रिंगमध्ये चेंडू टाकायचे होते. यानं दहापैकी दहा टाकले. तो आकडा कोणीतरी नीट पाहिला, आणि धावपटू म्हणून आलेल्या पोराच्या हातात धनुष्य आलं. पुढं तो आपल्या अमरावतीच्या प्रबोधिनीत शिकायला आला.

इथंही सगळं सुरळीत नव्हतं. कामगिरी होत नाही म्हणून घरी धाडायची वेळ आली होती. शेवटची संधी म्हणून पाच बाण मिळाले, त्या पाच बाणांवर तो टिकला. मग सैन्यात भरती, 2019 च्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत अतनू दास आणि तरुणदीप राय यांच्यासोबत सांघिक रौप्य, आणि टोकियो ऑलिंपिक. तिथल्या मानांकन फेरीत 720 पैकी 656 गुण; भारतीय पुरुषांत सर्वांत पुढे. जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या बझारझापोव्हला त्यानं 6-0 हरवलं, आणि पुढच्याच फेरीत ब्रॅडी एलिसननं त्याला 6-0 हरवलं. 2024 मध्ये पॅरिसलाही तो भारतीय संघात होता.

'आपल्या अमरावतीत शिकला' असं आपण छाती फुगवून सांगतो. सांगावं, पण त्याआधी त्या रिंगेचं नाव घ्यावं. ती चाचणी झाली नसती तर प्रवीण एक मध्यम धावपटू राहिला असता आणि नंतर कोणाच्या तरी शेतात दिसला असता.

आपल्या पोरांचं तेच होतं. स्पर्धांचे दिवस पावसाळ्यात. खारपाणपट्ट्यातली काळी माती पायाला किलो-किलोनं चिकटते, आणि त्या चिखलात जो पळेल तो जिल्ह्याला जातो. पुढची फेरी येईतो सोयाबीनची सोंगणी. घरी हात हवे असतात. उरतात ती प्रमाणपत्रं आणि दहावीचे सवलतीचे गुण. गुणांना मी नावं ठेवत नाही. अमरावतीचा जितेश शर्मा क्रिकेटकडे वळला तोही वाढीव गुणांसाठीच; त्याला सैन्यात जायचं होतं, असं त्यानंच सांगितलंय. तो क्रिकेटमध्ये राहिला आणि धावत निघालेला प्रवीण सैन्यात गेला. असं उलटसुलट होतंच! पण बहुतेकांची धाव पोलिस भरतीच्या सोळाशे मीटरपाशी संपते.

अकादमीवाले म्हणतात, लहानपणीच एक खेळ धरा. मला ते पटत नाही. 1914 पासून चाललेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या अमरावतीला तर ते मुळीच शोभत नाही. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाची मंडळी तिथं कबड्डी आणि मल्लखांब दाखवून आली. एकाच अंगाला अनेक खेळ, ही इथली जुनीच तालीम. आठवी-नववीपर्यंत पोरानं सगळं खेळावं. फक्त तो कशात कसा आहे, हे कोणीतरी लिहून ठेवावं. आज लिहिलं जातं ते एवढंच: पहिला, दुसरा, तिसरा.

धनुष्य महाग आहे, एका शाळेच्या आवाक्यातलं नाही. सायकलचं जुनं टायर आणि रबरी चेंडू मात्र आहेत. गुरुजी, यंदा तालुक्याला निघण्याआधी तुमच्या त्या ऑलराउंडरला दहा मीटरवर उभं करा, दहा चेंडू द्या. आणि येईल तो आकडा वहीत लिहा.