खाऱ्या पाण्याच्या टांकींत कोणते मासे ठेवावे?

समुद्राचा एक तुकडा घरांत आणून ठेवावा ही हौस फार जुनी नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं मत्स्यगृह उघडलें, तेव्हां त्यांत ठेवावयाचे जीव पुरविण्यांत फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञांचा मोठा हात होता. पुढल्याच वर्षीं त्यांनीं या विषयावर ग्रंथ लिहिला आणि इंग्लंडांतील सुखवस्तु घरांतून काचेच्या टांक्या दिसूं लागल्या. त्याचा परिणाम काय झाला तें त्यांचे पुत्र एडमंड यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत नमूद करून ठेविलें आहे. डेव्हनच्या किनाऱ्यावरील खडकांतील ज्या डबक्यांचें वर्णन बापानें इतक्या प्रेमानें केलें, तीं डबकीं त्याच्याच वाचकांनीं ओरबाडून ओसाड केलीं. हौसेला विवेकाची जोड नसली म्हणजे काय होतें, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आपल्याकडे मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालें, आणि पुढें कित्येकांनीं समुद्रांतील रंगीत मासे प्रथम पाहिले ते तेथेंच. परंतु सार्वजनिक मत्स्यालय निराळें व घरची टांकी निराळी. हल्लीं मोठ्या शहरांतील दुकानांत प्रवाळखडकांवरचे मासे पिशवींत घालून मिळतात, आणि ज्याच्या खिशांत पैसे आहेत त्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंतही अशी एक टांकी असावी असा विचार चालला आहे. विद्यार्थ्यांनीं उत्साहानें माशांच्या याद्या करून आणिल्या. त्या वाचल्यावर याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटलें, कारण त्या सगळ्या याद्या रंगावरून केलेल्या आहेत. मासा खातो काय आणि जन्मला कोठें, हे दोन प्रश्न एकाही यादींत नाहींत. आमच्या मतें निवड करावयाची ती याच दोन प्रश्नांवरून.

गोड्या पाण्यांतील गप्पी, मॉली किंवा गोल्डफिश हे पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखालीं वाढलेले जीव आहेत. समुद्रांतील शोभेच्या माशांचें तसें नाहीं. त्यांपैकीं बहुतेक अजूनही समुद्रांतूनच धरून आणिले जातात. यांतील बहुतेक जातींचीं पिलें अंड्यांतून बाहेर आल्यावर कित्येक आठवडे उघड्या समुद्रांत वाहत राहतात व डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जीव खातात. तें अन्न टांकींत पुरविणें फार कठीण. म्हणून जो मासा दुकानांत दिसतो, तो बहुधा काल-परवांपर्यंत खडकांत मोकळा हिंडत होता असें समजावें.

आतां याद्यांकडे वळूं. पहिलें नांव बहुतेक सर्वांनीं दिलें आहे तें ‘मूरिश आयडॉल’ याचें. काळे, पिवळे, पांढरे पट्टे आणि पाठीवरून निघालेला लांब तुरा. मासा देखणा यांत शंका नाहीं. परंतु अनुभवी माणसांच्या टांकींतही तो बहुधा टिकत नाहीं. खडकांवरील स्पंजासारखें चरून खाणाऱ्या या माशाला पुढ्यांत टाकलेलें अन्न रुचत नाहीं, आणि खाल्लें तरी पुष्कळदां तो झुरतच जातो. फुलपाखरू-मासे म्हणून जो मोठा वर्ग आहे, त्यांतील कांहीं जाती जिवंत पोवळ्यांच्या तोंडाशीं असलेले मऊ जीवच तेवढे टिपून खातात. त्यांना जवळा द्या, कोळंबी बारीक करून द्या, ते त्याकडे पाहणारही नाहींत. भरल्या ताटापुढें उपाशी मरणें म्हणजे काय, तें या माशांवरून कळतें.

‘मॅन्डरिन’ नांवाचा बोटाएवढा मासा पाहिला तर निळ्या-नारिंगी रेशमावर कोणी भरतकाम केलें आहे असें वाटतें. तो दिवसभर खडकावर ‘कोपेपॉड’ नामक बारीक जीव एक एक करून टिपीत असतो. नव्या टांकींत हे जीव मुळांतच थोडे असतात. ते थोड्याच दिवसांत संपतात, माशाचें पोट आंत जातें, आणि रंग मात्र शेवटपर्यंत तसाच झळकत असतो. त्यामुळें मालकाला वाटतें, मासा ठीक आहे. पैदास-केंद्रांत जन्मलेले मॅन्डरिन हल्लीं मिळूं लागले आहेत व ते गोठविलेलें अन्नही खातात. तशी खात्री असेल तर गोष्ट वेगळी.

याशिवाय धरण्याच्या रीतीचा प्रश्न आहे. १९६० च्या सुमारास फिलिपाईन्समध्यें शोभेचे मासे धरण्यासाठीं सायनाइड वापरण्याची चाल पडली. बाटलींतून विष खडकांच्या कपारींत फवारावयाचें, गुंगी आलेला मासा उचलावयाचा. मागें पोवळीं मरतात तीं वेगळींच. त्या देशानें १९७५ सालीं कायद्यानें बंदी केली, तरी चाल मोडली नाहीं. अशा रीतीनें धरलेला मासा दुकानांत ठणठणीत दिसूं शकतो आणि विकत घेणाऱ्याच्या घरीं कांहीं आठवड्यांनीं मरतो. मरणाचा दोष मग पाण्यावर किंवा घरांतल्या मुलांवर येतो.

मग टिकणारे मासे कोणते? सर्वांत आधीं ‘क्लाउन फिश’, म्हणजे विदूषक मासा, ज्याला २००३ सालच्या चित्रपटामुळें मुलें ‘नीमो’ म्हणून ओळखतात. तो समुद्रपुष्पाच्या विषारी दोऱ्यांत निर्धास्त राहतो. परंतु टांकींत त्याला समुद्रपुष्पाची गरज नसते, आणि समुद्रपुष्प स्वतः सांभाळावयास फार नाजूक असल्यामुळें तें न आणणें बरें. या माशांचा संसार मोठा मौजेचा. एका समुद्रपुष्पांतील सर्वांत मोठा मासा मादी, त्याहून लहान तो नर, आणि बाकीचीं लहान मंडळी वाट पाहत असतात. मादी मेली तर तोच नर कांहीं काळानें मादी होतो व खालच्यांपैकीं एक नर बनतो. अंडीं नर राखतो, पंखांनीं वारा घालतो. अंडीं सुमारें आठवड्यानें फुटतात आणि पिलांचा वाहत्या पाण्यांतील काळ फार थोड्या दिवसांचा असतो. म्हणूनच त्याची पैदास माणसाला साधली. आपल्या देशांत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम येथील केंद्रानें हे मासे पैदा करून दाखविले आहेत. टांकींत जन्मलेला विदूषक पहिल्या दिवसापासून हातचें अन्न खातो, आणि नीट सांभाळल्यास वीस वर्षेंही जगल्याचीं उदाहरणें आहेत. आज पांचवींत असलेल्या मुलाचें लग्न होईपर्यंत म्हणाना!

दुसरा ‘बांगाई कार्डिनल’. रुपेरी अंगावर काळे पट्टे. हा मासा मूळचा इंडोनेशियांतील सुलावेसीच्या पूर्वेस असलेल्या बांगाई नामक लहानशा द्वीपसमूहांतला. याचा नर अंडीं तोंडांत धरून ठेवतो व पिलें चालतीं-फिरतीं होईपर्यंत, सुमारें महिनाभर, उपाशी राहतो. पिलें समुद्रांत वाहून जात नाहींत. जेथें जन्मलीं तेथेंच राहतात. यामुळें दोन उलट परिणाम झाले आहेत. टांकींत त्याची पैदास सोपी झाली. परंतु समुद्रांत एका बेटाजवळचे मासे धरून संपविले म्हणजे दुसरीकडून नवे येऊन ती जागा भरत नाहीं. २००७ सालीं त्याची गणना जागतिक यादींत संकटग्रस्त जातींत करावी लागली. म्हणजे मासा तोच, रंग तोच, पण पैदास-केंद्रांतला घेणें निर्दोष आणि बांगाईच्या किनाऱ्यावरचा घेणें हें त्याच्या नाशाला हातभार लावणें. दुकानदाराला ‘हा जन्मला कोठें?’ असें विचारणें म्हणजे उगाच चौकशी नव्हे, हें यावरून ध्यानांत येईल.

‘गोबी’ जातीचे लहान मासेही चिवट असतात व वाटेल तें बारीक अन्न खातात. डॅम्सेल मासे त्याहून चिवट. परंतु भांडखोर, आणि लहान टांकींत इतरांस जगूं देत नाहींत. निळा ‘टँग’ (चित्रपटांतील डोरी) यादींत आहे. त्याची पैदास फ्लॉरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत २०१६ सालीं प्रथम साधली. परंतु तो वाढून सुमारें फूटभर होतो, आणि आमच्या टांकींत तो म्हणजे पिंजऱ्यांत घोडा.

घोड्यावरून आठवलें: समुद्रघोडा यादींतून काढूनच टाकावा. आपल्या समुद्रांतील समुद्रघोडे व प्रवाळ यांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत संरक्षण आहे. ते धरणें किंवा विकणें हा गुन्हा आहे.

एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “गुरुजी, दुकानांत आलेला मासा आपण नाहीं घेतला तर तो तेथेंच मरेल, मग आपण घेतला तर काय बिघडलें?” प्रश्न दयेपोटीं केलेला होता, म्हणून त्याला नीट उत्तर दिलें पाहिजे. दुकानदार मासा मोजत नाहीं, विक्री मोजतो. आपण तो मूरिश आयडॉल घेतला कीं पुढल्या खेपेस त्याच्या जागीं दुसरा मागविला जातो. पडून राहिला तरच मागणी बंद होते. कोणी असेंही म्हणेल कीं या धंद्यावर बेटांवरील गरीब कोळ्यांचें पोट आहे. तें खरें आहे, आणि जाळ्यानें धरलेला, टिकाऊ जातीचा मासा घेण्यास आमचा विरोध नाहीं. खडकांतून मिळकत होत असेल तर कोळी खडक राखील हेंही आम्हांस मान्य आहे. परंतु वाटेंत व टांकींत मरणारा मासा पुनःपुन्हा धरावा लागतो, आणि त्यानें कोळ्याचा खडक लौकर रिता होतो.

विकत घेतांना एक साधी परीक्षा पुरे. मासा आला त्याच दिवशीं घेऊं नये. आठ दिवसांनीं जावें आणि दुकानदाराला त्यास आपल्यासमोर खाऊं घालावयास सांगावें. खाल्लें नाहीं तर पिशवी रिकामी घेऊन परत यावें. पोट आंत गेलेला, श्वास भराभर घेणारा, कोपऱ्यांत पडून राहणारा मासा स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. आणि पुढें कंटाळा आला म्हणून कोणताही मासा समुद्रांत सोडूं नये. ‘लायन फिश’ हा आपल्या बाजूच्या समुद्रांतील मासा १९८५ सालीं फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आढळला, तो बहुधा कोणाच्या टांकींतूनच सुटलेला; आज अटलांटिकचा तो किनारा त्याच्या उपद्रवानें त्रस्त आहे.

राहतां राहिली शाळेची टांकी. मे महिन्याच्या सुटींत तिला कोण पाहणार, हें आधीं ठरलें पाहिजे. उन्हाळ्यांत पाणी तापतें, तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो, आणि त्यांतच वीज गेली तर पंप बंद. शिवाय पाणी उडून जातें, मीठ उडत नाहीं. म्हणून कमी झालेलें पाणी भरावयाचें तें गोडें, खारें नव्हे. हें आठवीच्या मुलांनीं पाळीपाळीनें करावें व वहींत लिहून ठेवावें असें आम्हांस वाटतें.

पहिला महिना-दीड महिना टांकींत एकही मासा दिसणार नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं आतांच समजून असावें. माशाच्या विष्ठेंतून व उरल्या अन्नांतून अमोनिया होतो; तो विषारी. त्याचें नायट्राइट व पुढें नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु वाळूंत व दगडांवर वाढावयास तितके दिवस लागतात. कांहीं लोक हें काम एखादा डॅम्सेल सोडून त्याच्या जिवावर करून घेतात. आम्ही कोळंबीचा एक तुकडा कुजूं देणार आहों. त्याचा वास प्रयोगशाळेंत येईल, त्याबद्दल तक्रार करूं नये. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आलीं म्हणजे टांकींत जन्मलेल्या विदूषकांची एक जोडी आणावयाची, आणि ती दोन महिने नीट खात राहिली तर एक गोबी.