अंगणातील धायटी

पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी खराडी हे शेतकऱ्यांचे गाव होते. आता तेथे उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या आवारांत बोगनवेल डोलते. ही वेल फ्रेंच प्रवाशांना १७६७ साली ब्राझीलमध्ये आढळली. तिचा रंग मोहक आहे, यात शंका नाही. परंतु सह्याद्रीच्या उतारांवर वाढणाऱ्या धायटीला त्या आवारात एक कोपराही मिळू नये, हे योग्य नव्हे. धायटीचे झुडूप मुरमाड जमिनीतही तग धरते. थंडी सरताना तिच्या वाकलेल्या फांद्या लाल, नळीसारख्या फुलांनी भरून जातात आणि मधासाठी शिंजीर पक्षी येतात. आसवे आंबविण्यासाठी वैद्य हीच फुले वापरतात. धायटी अस्ताव्यस्त वाढते, अशी तक्रार असते. ती खरी आहे. पण फुलण्याआधीच कात्री चालविली, तर शिंजिराने यावे तरी कशासाठी?