नोंद नसलेली औषधे

बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही, की आम्ही एकमेकांना एकच प्रश्न विचारत असू : कुठला व्यवहार नोंदवायचा राहिला?

चार वर्षांपूर्वी दादाला क्षय झाला. उपचार सुरू झाले. पाचव्या आठवड्यात त्याची भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद होऊ लागली. ‘गोळ्या उष्ण पडताहेत,’ वहिनी म्हणाल्या. डोळे पिवळे दिसले तेव्हा धावाधाव झाली. डॉक्टरांनी विचारले, ‘आणखी काही औषध घेत होते का?’ आम्ही एकमुखाने ‘नाही’ म्हणालो.

खरे तर रोज सकाळी गुळवेलीचा काढा, अंगदुखीला पॅरासिटामॉल आणि वर सर्दीची गोळी चालू होती. पण काढा मायेचा, गोळी ‘साधी’. त्यांना औषध कोण म्हणणार?

आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही क्षयावरची औषधे प्राण वाचवतात. पण तिन्हींपासून यकृताला इजा होऊ शकते. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत निर्धोक. मात्र सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच दडलेले असते आणि धडधाकट प्रौढालाही दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅमची. गुळवेल घेणाऱ्या, यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांचा. आपले काम डॉक्टरांपासून काही न लपवण्याचे.

डॉक्टरांनाही एक विनंती. नुसते ‘औषध’ विचारू नका. काढा, चूर्ण, भस्म, शेजारणीने दिलेली पुडी अशी नावे घेऊन विचारा. आमच्या घरांत ‘औषध’ म्हणजे फक्त तुम्ही लिहून दिलेले. आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. क्षयाच्या गोळ्या परस्पर सोडून देणे हाही धोकाच.

दादाची औषधे डॉक्टरांनी थांबवली, यकृत सावरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू केली. तो बरा झाला. दोष नेमका कशाचा, ते शेवटपर्यंत ठरले नाही. वहिनी मात्र अजून त्या काढ्यासाठी स्वतःला बोल लावतात. त्यांचे काय चुकले? चुकलो आम्ही सगळेच, त्या ‘नाही’मध्ये.

आता त्यांच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिकेशेजारी एक वही टांगलेली असते. पोटात जाणारी प्रत्येक गोळी, प्रत्येक काढा तीत तारखेनिशी लिहिलेला असतो. दवाखान्यात जाताना पिशवीत आधी ती वही जाते.