एनबीए नाही ना मिळालं मग?

परवा एका लग्नात माझं भांडण झालं. म्हणजे आवाज चढवून नाही, पंगतीत शेजारी बसून जेवढं भांडता येतं तेवढंच. तेवढ्यात जिलबी वाढायला आले आणि माझं बोलणं अर्धवट राहिलं. ते राहिलेलं आता इथे लिहिते आहे. ज्यांच्याशी भांडले ते आमचे मेहुणे हा ब्लॉग वाचतात, म्हणून नाव लिहीत नाही. त्यांना कळेलच. (खाली 'ह. घ्या.' लिहिणार होते, पण नको. जडच घ्या.)

झालं असं. माझ्या मावसबहिणीचा नातू न्यू जर्सीत वाढला. चांगला सहा फूट चार इंच उंच. तिथल्या एका लहान कॉलेजात चार वर्षं बास्केटबॉल खेळला आणि जीवशास्त्राची पदवीही घेतली. हे तिसऱ्या श्रेणीचं कॉलेज. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, म्हणजे पोरगा हौसेनंच खेळला. आता तो जर्मनीतल्या एका छोट्या गावात खालच्या लीगमधल्या क्लबकडून खेळतो. क्लब त्याला राहायला जागा देतो, खर्चापुरते पैसे देतो, आणि संध्याकाळी तो क्लबच्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना शिकवतो. बहीण हे सगळं कौतुकानं सांगत होती. तिचं संपायच्या आत मेहुणे म्हणाले, "एनबीए नाही ना मिळालं मग?" आणि वर, "चोवीस वर्षांचा घोडा झाला, अजून चेंडू खेळतोय!"

बहिणीचा चेहरा मी पाहिला. तिनं ताटाकडे बघून भात कालवायला घेतला.

आता माझं म्हणणं. मेहुण्यांचा मुलगा टेक्सासमध्ये नोकरी करतो. कंपनी मोठी नाही, पद मोठं नाही, पण गुणी मुलगा आहे आणि आम्हां सगळ्यांना त्याचं कौतुक आहे. तो निघाला तेव्हा सगळ्या आळीत पेढे वाटले होते. त्याला आजवर कुणी विचारलंय का, "मायक्रोसॉफ्टचा मालक नाही ना झालास मग?" इंजिनियरनं साधी नोकरी केली तर ती नोकरी, आणि खेळाडूनं साध्या क्लबात खेळून पोट भरलं तर ते अपयश, हा हिशेब कुठला?

हिशेबाचं निघालंच आहे तर करून टाकू. मी मराठी आणि भूगोल शिकवायचे, गणित नाही, पण एवढं मलाही जमतं. एनबीएमध्ये संघ तीस, प्रत्येकात पंधरा खेळाडू, म्हणजे साडेचारशे. दरवर्षी नवीन निवड होते ती साठाच्या आसपास, आणि त्यात परदेशातले खेळाडूही आले. उलट अमेरिकेत कॉलेजच्या फक्त पहिल्या श्रेणीत साडेतीनशेच्या वर संघ आहेत. एका संघात तेरा मुलं धरा. झाले साडेचार हजार. दुसरी-तिसरी श्रेणी मी मोजलीच नाही. मग उरलेली मुलं जातात कुठे? कुणी शिक्षक होतात, कुणी विमा विकतात, आणि ज्यांच्या अंगात अजून खेळ उरलेला असतो ती स्पेन, इटली, तुर्कस्तान, इस्रायल, चीन, ऑस्ट्रेलिया, जर्मनी अशी पांगतात. त्यांच्याकडे ही रुळलेली वाट आहे. आपल्याला ठाऊक नाही म्हणून ती आडवाट होत नाही. जर्मनीचं नाव ऐकून मेहुणे हसले. २०२३ साली पुरुषांचा विश्वचषक याच जर्मनीनं जिंकला.

मला सगळ्यात आवडतो तो बिल ब्रॅडली. प्रिन्स्टन विद्यापीठाचा खेळाडू, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्णपदक गळ्यात. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या निक्स संघानं बोलावलं, तर हा म्हणाला आधी शिकतो, आणि ऱ्होड्स शिष्यवृत्ती घेऊन ऑक्सफर्डला गेला. तिथून इटलीत मिलानच्या संघाकडून खेळायचा, आणि त्या संघानं १९६६ चा युरोपियन चषक जिंकला. नंतर निक्समध्ये गेला, अजिंक्यपदं मिळवली आणि पुढे अमेरिकेचा सिनेटर झाला. "खेळ की अभ्यास" असा प्रश्न आपण पालकसभेत किती गंभीर चेहऱ्यानं विचारतो!

आणि स्टीफन मारबरी. एनबीएमध्ये नाव कमावलं आणि घालवलंही. मग चीनला गेला, बीजिंगच्या संघाला तीनदा विजेतेपद मिळवून दिलं, आणि तिथल्या लोकांनी त्याचा पुतळा उभारला. मेहुण्यांच्या मापानं ही उतरती कळा.

बायकांचं तर आणखीच वेगळं. अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला लीगमध्ये पैसा इतका कमी होता की मोठमोठ्या खेळाडू हिवाळ्यात परदेशी जायच्या. डायना टॉरासी ही त्यांतली सर्वश्रेष्ठांपैकी एक. २०१५ साली तिच्या रशियन क्लबनं तिला अमेरिकेतला हंगाम न खेळता विश्रांती घ्यायचे पैसे दिले आणि तिनं ते घेतले. म्हणजे परदेशातली लीग हीच खरी नोकरी, घरची लीग जोडधंदा. या वाटेला काटेही आहेत, ते लपवत नाही. ब्रिटनी ग्राइनर याच कारणासाठी रशियाला जायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिला मॉस्कोच्या विमानतळावर पकडलं आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. काही क्लब पगार बुडवतात, इतके की जागतिक संघटनेला २००७ मध्ये त्यासाठी वेगळा लवाद नेमावा लागला. दुखापत झाली की संपलं. हे सगळं खरं. पण मेहुण्यांनी यातलं काही विचारलं असतं तर मी भांडलेच नसते. "पगार वेळेवर देतात का रे? गुडघा जपतोस ना?" हे आपल्या माणसाचे प्रश्न.

आपल्याकडे या वाटेनं गेलेली माणसं थोडी आहेत, आणि तीही आपल्याला माहीत नसतात. केरळची गीतू अ‍ॅना जोस. आधी व्हॉलीबॉल खेळायची, कॉलेजात बास्केटबॉलनं मोठी झाली, रेल्वेत लागली. २००६ ते २००८ च्या सुमारास ती मेलबर्नजवळच्या रिंगवूड क्लबकडून खेळली. २०११ मध्ये अमेरिकेत तीन संघांच्या चाचण्यांना गेली. निवड झाली नाही. 'नाही झाली' एवढंच लक्षात ठेवायचं का? पंजाबचा अमृतपाल सिंग शेतीकाम करता करता बराच उशिरा या खेळाकडे वळला आणि २०१७ मध्ये सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियाच्या वरच्या लीगमध्ये उतरला. तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? मीही नातवानं सांगितलं तेव्हाच ऐकलं.

सतनाम सिंगचं नाव मात्र ऐकलं असेल. बर्नाला जिल्ह्यातल्या लहान खेड्यातला सात फुटी मुलगा. २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातल्या अकादमीत गेला, इंग्रजीचा गंध नसताना. मी स्वतः मराठी माध्यमातून बी.ए. झाले, त्यामुळे इथे माझा जीव अडकतो. परक्या भाषेत वर्गात बसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, आणि मी तर पुण्यातच होते, घरी येऊन आईच्या हातचं जेवत होते. कॉलेजप्रवेशाचे शैक्षणिक निकष त्याला पुरे करता आले नाहीत, म्हणून तो पायरी गाळून थेट २०१५ च्या निवडीत उतरला. डॅलसनं त्याला बावन्नाव्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला पहिलाच. आपण नाचलो. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दोन हंगाम खालच्या लीगमध्ये, मग २०१८ मध्ये कॅनडाची लीग, पुढे उत्तेजक चाचणीत सापडल्यामुळे दोन वर्षांची बंदी, आणि आता व्यावसायिक कुस्ती. बंदीची चूक पदरात घालायलाच हवी. पण त्याच्या शिडीची कॉलेजची पायरीच निसटली होती, आणि ती नसताना वर बघून टाळ्या वाजवणारे आपणच होतो.

आणखी एक गंमत बघा. कॅलिफोर्नियातला सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ २०१३ मध्ये ज्या गटानं घेतला त्याचे प्रमुख विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. ऑक्टोबर २०१९ मध्ये या संघाचे दोन सामने वरळीत झाले, भारतातले एनबीएचे पहिलेच. तेव्हा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'आपला रणदिवे' म्हणून किती अभिमान! (पाठवणारे कोण, ते सांगायला नकोच.) याच किंग्जकडून २०१५ मध्ये सिम भुल्लर हा भारतीय वंशाचा कॅनडावासी तीन सामने खेळला आणि मग तैवानच्या लीगमध्ये गेला. त्याचं नाव कुणीही फिरवलं नाही. आपल्याला मालक झालेला चालतो. घाम गाळणारा चालत नाही.

पुण्याला या खेळाचं वावडं आहे असंही नाही. इथली शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिनं संघाचं नेतृत्व केलं, आणि तिची आईसुद्धा बास्केटबॉल खेळाडू. २०१५ मध्ये एक व्यावसायिक लीग निघाली, तिच्यात 'पुणे पेशवे' नावाचा संघ होता. २०१७ नंतर ती लीग बंद पडली. आता सांगा, ज्याला इथे खेळून पोट भरायचं आहे त्यानं रेल्वेची किंवा पोलिसांची नोकरी धरावी, नाहीतर बाहेर जावं. दोन्ही करणाऱ्याला मी नमस्कार करते.

इथपर्यंत मेहुण्यांना बोलले. आता स्वतःला.

ऐंशीच्या दशकात माझ्या वर्गात एक मुलगी होती. उंच, सावळी, मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून मैदानावर पळणारी. शाळेचा मुलींचा संघ तिच्यावर उभा होता. दहावीच्या सुरुवातीला तिची आई मला भेटायला आली. "बाई, काय करू? हिला खेळाशिवाय सुचत नाही." मी वर्गशिक्षिका. अगदी शहाणपणानं सांगितलं, "वर्षभर बंद ठेवा. मग आहेच की." त्या वयात वर्षभर म्हणजे किती, याचा मी विचारच केला नाही. ती पुन्हा खेळली नाही. काही वर्षांपूर्वी मंडईत भेटली, वाकून नमस्कार केला. बँकेतून निवृत्तीला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "बाई, दहावीला ७१ टक्के पडले होते मला. तुमच्या लक्षात आहे?" नव्हतं. तिची कोपऱ्यातून टाकलेली एक बास्केट मात्र मला लख्ख आठवत होती. ते मी तिला सांगितलं नाही. माझा धीर झाला नाही.

आता दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. चांगलंच आहे. पण गुण पदरात पडले की बूट माळ्यावर, हे मी याच डोळ्यांनी पाहते आहे. आपण खेळालासुद्धा टक्केवारीच्या कामाला लावलं.

तर असो. नातू जूनमध्ये पुण्याला येतो आहे, तीन आठवडे. एका रविवारी आमच्याकडे सगळ्यांना बोलावणार आहे. बटाटेवडे करीन, खरवस मिळाला तर तोही. मेहुण्यांनी जरूर यावं, त्यांना वेगळा फोन करणारच आहे. त्याला जर्मन जेवणाचं विचारा, त्याच्या त्या दहा वर्षांच्या चेल्यांचं विचारा, पगाराचंसुद्धा विचारा, तो मोकळेपणानं सांगतो. एक प्रश्न सोडून.