मीठ कुठल्या पातेल्यात?

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. बॅगा खांद्यावर, वीकएंडचे प्लॅन्स तयार, आणि तेवढ्यात क्लायंटचा मेल टपकला : हा रिफंड कुणी मंजूर केला? सिस्टीमकडे उत्तरच नव्हतं. पैशाला हात लावणाऱ्या प्रत्येक मेथडनं कुणी, केव्हा, किती याची नोंद ठेवायची, असा नियम होता. अशा मेथड्स 43. नोंद होत होती 42 मध्ये. राहिलेली मेथड टीममधल्या फ्रेशर मुलीनं लिहिलेली. सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळी बोटं तिच्याकडे. मी गप्प बसलो. आणि डिझाइन माझं होतं, मंडळी!

तसं ते देखणं होतं हो. कॉलेजात शिकवतात ना, नामं शोधा, त्यांचे क्लास करा. क्रियापदं शोधा, त्यांच्या मेथड्स. ग्राहक, खातं, पेमेंट, रिफंड, सगळे आपापल्या चौकटीत. पण नोंद ठेवणं कुठल्या चौकटीत बसवणार? परवानगी तपासणं? ही कामं म्हणजे मीठ. ओट्यावर मिठाचं वेगळं पातेलं नसतं, ते आमटीत, भाजीत, कणकेत सगळीकडे लागतं. एकात विसरलात की तेवढंच अळणी!

यालाच क्रॉसकटिंग कन्सर्न म्हणतात. कॉमन फंक्शन करायचं की, असं म्हणाल. केलं होतं! पण ते बोलवायची आठवण 43 ठिकाणी ठेवायची, दुखणं ते आहे. झेरॉक्स पार्कमध्ये ग्रेगर किक्झालेस आणि सहकाऱ्यांनी 1997 च्या पेपरात यावर 'आस्पेक्ट' सुचवला : नियम एका जागी लिहा, आणि तो कुठेकुठे लागू हेही तिथेच सांगा. त्यातूनच पुढे आस्पेक्टजे आलं. जावावाले स्प्रिंगमध्येही हे करतात, पण जपून. क्लासमधल्या एका मेथडनं त्याच क्लासमधल्या दुसरीला बोलावलं, तर स्प्रिंगचा नेहमीचा प्रॉक्सी मध्ये येतच नाही, आणि नोंद पुन्हा गुल.

खरी गंमत मात्र हे आधी ओळखण्यात आहे. एक नियम बदलला तर किती फाइल्स उघडाव्या लागतील, हे स्वतःला विचारा. मेथड उघडून बघा. आमच्या रिफंडसारख्याच एका मेथडमध्ये 30 ओळींपैकी मूळ कामाच्या जेमतेम 9 होत्या, बाकी सगळा परवानगी, नोंद, ट्रॅन्झॅक्शनचा गुंता. आणि सगळ्यात सोपं म्हणजे रिक्वायरमेंट वाचताना नामं-क्रियापदं सोडून 'प्रत्येक', 'कुठल्याही', 'दर वेळी' हे शब्द शोधा. मी ते शब्द वाचले होते. नुसतेच वाचले.

मंगळवारी मॅनेजरना सांगितलं, चूक डिझाइनची, म्हणजे माझी. "हे काल बोलला असतास तर?" ते म्हणाले. अप्रेझलचा महिना होता. त्यांनी तिच्या नावाचा मेल ड्राफ्टमधून काढला, माझ्यासाठी नवा उघडला.

दुपारी आम्ही दोघं पुढच्या प्रोजेक्टच्या कागदांवर पेन्सिली घेऊन बसलो. मला 12 'प्रत्येक' सापडले. तिला 14.